छप्पन्न अंशांची ग्वाही

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. कचेरीत शाईत बुडवतात तसला नाही. मी लोखंडाचा, हातभर दांड्याचा. आधी मला लालबुंद तापवतात आणि मग लाकडावर टेकवतात. जरा चरचरतं, धूर निघतो, आणि लाकडावर गव्हाची एक लोंबी, काही अक्षरं आणि आमच्या कारखान्याचा नंबर उमटतो. गेली चार वर्षं मात्र मी एका सरकारी कपाटात पडून आहे. दांड्याला एक चिठ्ठी बांधलेली आहे, बाकी काही नाही.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो. परदेशी जाणारी यंत्रं, फरशा, काचसामान लाकडी खोक्यांत भरून बोटीवर चढवतात. त्या लाकडात कधी कधी भुंगेऱ्याची अळी लपलेली असते, तांदळाच्या दाण्याएवढी. स्वतःच्या मुलखात तिला टिपणारे पक्षी असतात. परक्या मुलखात तिला अडवणारं कोणी नसतं, आणि तिथली उभी झाडं ती आतून पोखरून टाकते. म्हणून पुष्कळ देशांनी मिळून नियम केला. खोक्याच्या लाकडाची साल काढायची, ते भट्टीत घालायचं आणि अगदी गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश उष्णता सलग अर्धा तास पोचवायची. मगच माझा डाग द्यायचा. तो डाग दिसला की पलीकडच्या बंदरातला माणूस खोकं बिनघोर आत घेतो. मला त्याचा भारी ताठा होता, कबूल करतो.

आमची भट्टी काका सांभाळायचे. एरवी माणूस वेंधळा, चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधणारा. पण भट्टीपाशी त्यांच्यासारखा काटेकोर माणूस नाही. दर खेपेला ढिगातला सगळ्यात जाड आणि ओला ठोकळा ते स्वतः निवडायचे. गिरमिटाने त्याच्या मध्यापर्यंत नवं भोक पाडायचे, उष्णता मोजणारी सळई त्यात खुपसायचे आणि भोवतीची फट नीट बुजवायचे. त्या ठोकळ्याच्या पोटात छप्पन्न भरले म्हणजे बाकीच्यांतही भरले. अठरा वर्षांत एक तक्रार आली नाही. साहेब लोक यायचे, माझा ठसा बघून मान डोलवायचे, आणि काका उगीच खोकायचे.

पुढे काकांचे गुडघे गेले आणि भट्टी त्यांच्या जावयाकडे आली. सगळे त्याला जावईबापूच म्हणत. माणूस कामसू होता, खोटारडा मुळीच नव्हता. पण रोज गिरमिट फिरवून त्याचे हात भरून यायचे. एक जाड ठोकळा त्याने बाजूला काढला, त्याला एकदाच भोक पाडलं, आणि प्रत्येक नव्या ढिगाबरोबर तोच भट्टीत ठेवू लागला. ठोकळा जाडच तर होता. तो पुन्हा पुन्हा भाजून कोरडाठक्क झाला, त्याचं भोक सैल झालं आणि गरम हवा थेट सळईला लागू लागली. सळईला जोडलेल्या यंत्राच्या कागदावर छप्पन्नची रेघ झटपट यायची. शेजारची ओली लाकडं तेव्हा आतून नुसती कोमट असायची. मला ते टेकताना जाणवायचं, मित्रांनो. पण शिक्क्याला नाही म्हणता येत नाही.

दीड वर्षाने समुद्रापलीकडून पत्र आलं. सोबत फोटो होता. फळीवर माझा डाग, आणि लोंबीला लागूनच भुंगेऱ्याने बाहेर पडताना पाडलेलं वाटाण्याएवढं गोल भोक. त्या बंदराजवळच्या रस्त्यावरची तीनशे दहा झाडं पोखरली गेली होती. सगळी तोडावी लागणार होती.

काका त्याच दिवशी काठी टेकत आले. त्यांनी कागद तपासले, सगळ्या रेघा बरोबर होत्या. मग भट्टीतला तो ठोकळा ते उचलायला वाकले, आणि एवढं मोठं लाकूड एका हातात सहज वर आलं. तिथेच त्यांना सगळं कळलं.

"जावईबापू, हा कधीपासून आहे?"

"दीड वर्ष झालं असेल, बाबा. पण रेघ तर बरोबर यायची."

काका जमिनीवरच बसले. "रेघ याची यायची हो. बाकीच्यांना कोणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई येणार होत्या. जावई हळू आवाजात म्हणाला, "हा जाळून टाकू. कागद स्वच्छ आहेत. पुरावा दुसरा काहीच नाही."

काकांची मुलगी दारात उभी होती. "बाबा, भट्टी बंद झाली तर आम्ही कुठे जायचं? माझ्या संसाराकडे बघा जरा."

"बघतोय गं," काका म्हणाले. "पण दीड वर्षात अकराशे खोकी गेलीत. आपण गप्प बसलो तर ती कोणी शोधणारसुद्धा नाही."

बाई आल्या, कागद चाळले आणि म्हणाल्या, "यांत तर काही खोट दिसत नाही." काकांनी ठोकळा त्यांच्यापुढे ठेवला. मग मला खुंटीवरून काढलं, पंच्याने पुसलं आणि बाईंच्या हातात दिलं. जावयाने मान वर केली नाही. मला त्या घडीला लाज वाटली, आणि काकांचा अभिमानही वाटला.

परवाना गेला, भट्टी थंड झाली. मुलगी आणि जावई गाव सोडून गेले. ती अजून बापाशी बोलत नाही, असं काका जबाब द्यायला इथे आले तेव्हा बाईंना सांगत होते. मी कपाटातून ऐकलं. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही कशावर तरी सही कराल, काहीतरी तपासलं म्हणून सांगाल. तेव्हा काकांसारखं दर खेपेला नवं भोक पाडा. हात दुखले तरी पाडा. तुमच्या सहीवर भरवसा ठेवणारा माणूस पलीकडे असतो, आणि तो पुन्हा तपासत नाही.

त्या अकराशेपैकी नऊशे खोकी सापडली आणि जाळली गेली. उरलेली दोनशे कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. त्या प्रत्येकावर माझा डाग आहे, आणि तो पाहूनच कोणीतरी ती आत घेतली आहेत.