पान सत्तावीसवरची किटली

मी एक कादंबरी बोलतेय. त्यातून प्रेमकथा. आत्ताच नाक मुरडलंत तरी मला राग नाही. यॉर्कशरमधल्या आमच्या गिरणीच्या गावात सगळेच चारचौघांत माझ्याकडे बघून नाक मुरडायचे आणि मग पिशवीत, कोबीच्या खाली घालून मला घरी न्यायचे.

जन्म लंडनच्या छापखान्यातला. तेव्हा माझ्या अंगावर गुलाबी कागद होता आणि त्यावर डोंगरकड्यावर उभा असलेला एक उंच नायक. लायब्ररीत आल्या आल्या तो कागद काढून मला जाड तपकिरी कापड चढवण्यात आलं. सासरी आलं की असं काहीतरी व्हायचंच.

माणसं वाचतात कशी, हे आम्हा पुस्तकांना विचारावं. मला कुणी टबात बसून वाचलं, कुणी बटाटे उकडेपर्यंत. एका बाईंनी खूण म्हणून केसातला आकडा ठेवला, तर एका गृहस्थांनी चक्क बेकनची पट्टी! त्या वासापायी फळीवरच्या शेजारणी कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या.

आणि त्या चोरखुणा! आमच्याकडच्या बायका आठवड्याला तीन-तीन कादंबऱ्या फस्त करायच्या. कोणती वाचली, कोणती राहिली, ध्यानात कशी राहणार? नायक तर सगळ्यांतलेच उंच. म्हणून प्रत्येकीनं आपापलं एक पान ठरवून टाकलं होतं. वाचून झालं की त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीकशी खूण करायची. पुढच्या वेळी फळीवरून पुस्तक उचललं की आधी ते पान बघायचं. खूण दिसली, म्हणजे वाचलेलं.

माझ्या पान सत्तावीसवर एक इवलीशी किटली होती. ती एडना रॅमस्डनबाईंची.

एडनाबाई म्हणजे आमच्या चॅपेलचा, गावच्या छोट्या चर्चचा, खांबच. "प्रेमकथा वाचून डोकं नासतं," असं त्या सर्वांना सांगत. मला नेताना काउंटरवर म्हणत, "शेजारची म्हातारी अंथरुणाला खिळलीय ना, तिच्यासाठी." ती म्हातारी रोज सकाळी दारची पायरी घासताना दिसायची, पण कोण बोलणार?

मग त्यांच्या मुलाचं, क्लिफर्डचं लग्न झालं. बायको हल नावाच्या बंदराच्या शहरातली. नाव जॉइस. नगरपालिकेचं घर मिळायला अवकाश होता, म्हणून दोघं आईकडेच राहिली.

जॉइस मुळातच अबोल. त्यात सासूला हाक काय मारायची, इथंच तिचं अडलं. 'मिसेस रॅमस्डन' म्हणावं, तर आता तीही मिसेस रॅमस्डनच. 'एडना' म्हणायची छाती होईना, 'आई' म्हणायला जीभ वळेना. मग ती हाकच मारायची नाही. खाकरायची. एडनाबाईही जेवताना "मीठ दे" आणि "पाऊस येणारसं दिसतंय" यापलीकडे जायच्या नाहीत. रात्री मात्र न बोलता मध घातलेल्या गरम दुधाचा पेला सुनेपुढे सरकवायच्या. जॉइसला मध आवडत नसे. तेही ती बोलली नाही.

घरात करमेना म्हणून जॉइस लायब्ररीत यायला लागली. तिच्या लवकरच लक्षात आलं, की ज्या ज्या कादंबरीत किटली, ती ती झकास. ती किटली बघूनच पुस्तकं निवडू लागली. एके दिवशी माझ्या किटलीच्या चोचीखाली तिनं पेन्सिलीनं एक कप काढला.

पुढच्या महिन्यात एडनाबाईंनी मला उचललं, पान सत्तावीस काढलं आणि चष्मा पुसला. वाचलेली असूनही मला घरी नेलं. परत आले ती चोचीतून कपात पडणारी चहाची धार घेऊन! मग जॉइसनं मला पुन्हा नेलं, कपाखाली बशी काढली आणि तिच्यात एक बिस्कीट ठेवलं.

दोघींच्या गप्पा अशा रंगलेल्या, आणि दोघी एकाच टेबलाशी समोरासमोर मुक्यानं बटाटे खातायत! मी कधी सासूच्या लोकरीच्या टोपलीत, कधी सुनेच्या उशीखाली लपून तळमळायचे. पण पुस्तकाला उघडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि तेव्हाही छापलंय तेवढंच.

एका रात्री जॉइस नवऱ्याला म्हणाली, "क्लिफ, ह्या गावात एकच बाई माझ्याशी बोलते, आणि ती कोण हेही मला ठाऊक नाही."

"आईशी बोल की."

"त्यांना मी आवडत नाही रे. ईस्टर झाला की मी हलला जाते, माझ्या आईकडे. घर मिळालं की बोलव."

ती मांडीवर मला घेऊन रडली. पान चाळीस अजून जरा फुगीरच आहे.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी लायब्ररीत ही गर्दी. 'पुस्तकं स्वच्छ ठेवा' असा वरून हुकूम आलेला, म्हणून काउंटरवर ग्रंथपाल मिस डायसन खोडरबर घेऊन बसलेल्या. जॉइस मला परत करायला आलेली. एडनाबाई पलीकडे वर्तमानपत्र वाचायचं सोंग करत उभ्या. मिस डायसननी माझं पान सत्तावीस उघडून रबर टेकवला.

"थांबा!" जॉइस ओरडली. गावानं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "तो कप माझा आहे. खोडू नका."

"असं? मग तुमचं कार्ड जप्त. आणि ही किटली कुणाची?"

एडनाबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली, पिशवी धप्पकन काउंटरवर ठेवली. कोबी गडगडत गेला.

"किटली माझी. आणि सुनेच्या कपाला हात लावून तर बघा!"

"एडना, तू? अन् ते डोकं नासणं?" मागून कुणीतरी विचारलं.

"केव्हाच नासलंय! तुझी चांदणी असते ना गं पान नव्वदवर?"

मग काय, रांगच फुटली. गिरणीतून निवृत्त झालेले क्रॅबट्री आजोबा पुढे आले. "पान एकोणीसवरचा पाइप माझा. तो खोडलात, तर मी तोच नायक परत तीन दिवस वाचत बसू काय?" मिस डायसननी मुकाट्यानं रबर खणात टाकला.

मी दोघींबरोबर घरी आले, कोबीच्या वर.

वाटेत जॉइस नेहमीसारखी खाकरली.

"खाकरू नकोस बाई! हलच्या हवेनं तुझी छाती धरलीय, म्हणून रोज दुधात मध घालतेय मी. संपत आला बरणीतला."

"अहो, मला मध आवडतच नाही!" जॉइसला हसू आवरेना. "हाक काय मारायची ते कळत नव्हतं, म्हणून खाकरत होते."

"काहीही मार. पण मार." थोडं चालून त्यांनी विचारलं, "हलला जाणार म्हणे तू?"

"तुमच्या किटलीच्या सगळ्या वाचून होऊ देत की, आई."

त्या कधी संपल्याच नाहीत. घर मिळालं, तेही तिनं त्याच गल्लीतलं घेतलं.

लायब्ररीनं मला बाद केलं, तेव्हा जॉइसनं मला विकत घेतलं. तिच्यामागे नातीनं खोक्यात भरून मला विद्यापीठात दिलं. इथं साधी माणसं काय नि कशी वाचायची, याचा अभ्यास चालतो. खोली उबदार आहे, बेकनचं भय नाही. परवा एका संशोधक मुलीनं भिंगातून पान सत्तावीस पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: 'किटली, कप, बिस्कीट. खूण बहुधा एकाच वाचकाची.'

पोरी, चुकलीस. पण राहू दे, खोडू नकोस. त्या दोघी असत्या, तर त्यांनीही खोडलं नसतं.