किसणीचं बंड

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला "बिचारी जुनी किसणी" म्हणायचं नाही. जुनी आहे, मान्य. पण बिचारी? अंगभर दात घेऊन जन्मलेल्या बाईला कुणी बिचारी म्हणतं का?

एका पत्रेवाल्याच्या दुकानात मी जन्मले. त्यानं पत्र्याचा तुकडा कापला, त्यावर खिळा ठेवला आणि हातोडीनं ठोकायला लागला. एका ठोक्याला एक दात. शेवटच्या ओळीला त्याला शिंक आली आणि ती ओळ वाकडी गेली. शिंक इतकी जबरदस्त, की शेजारच्या दुकानातल्या सगळ्या बादल्या उपड्या झाल्या. खोटं वाटतं? वाटू दे. मी तिथं होते, तुम्ही नव्हता.

तिथून मी आले ती थेट आगीच्या बंबांच्या ठाण्यात. पुढं लाल बंब, भिंतीला बुटांची रांग आणि मागं स्वयंपाकघर. खिडकीजवळच्या खिळ्यावर माझी जागा. समोरच जेवणाचं लांब टेबल, त्यामुळं कुणाच्या ताटात काय आणि कुणाच्या पोटात काय, मला सगळं ठाऊक. स्वयंपाक ताई करायची. सगळेच तिला ताई म्हणायचे, पण एकाची ती खरोखरची थोरली बहीण होती. तो शिडीमामा.

आग कुठंही लागो, शिडीवर पहिला पाय शिडीमामाचा. बावीस वर्षं! एकदा तर तो इतका उंच चढला, की खाली येईपर्यंत त्याचे नवे बूट जुने झाले होते.

आणि हा शूर माणूस टोमॅटोच्या फोडीला घाबरायचा. ताट पुढं आलं की चमच्यानं सगळं हिरवं-लाल कडेला ढकलायचा. "ताई, मी काय बकरी आहे का? कटलेट वाढ." पाव, तळलेले बटाटे, कटलेट आणि वर गोड चहा. फळ शेवटचं कधी खाल्लं, ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

मग व्हायचं ते झालं. ठाण्यात संडास एक, आणि शिडीमामा रोज सकाळी पाऊण तास आत. बाहेर ही रांग! "मामा, आत बिऱ्हाड केलंय का?" म्हणून बंबाचा ड्रायव्हर दार बडवायचा. एकदा आगीची घंटा झाली, सगळे बंबात चढले आणि मामा एका हातानं पँट सावरत मागून पळत आला. हसू नका. बरं, हसा.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. वर्षाची तपासणी करायला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मामाच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, परत फुगवला.

"एकशे साठ. या बीपीवर तुम्हाला शिडी नाही."

"अहो, मी ठणठणीत आहे!"

"दिसतंय. गोळी लिहून देते, पण एकट्या गोळीवर भागायचं नाही. अर्धं ताट भाज्यांचं हवं, रोज फळं हवीत, तळलेलं आणि खारट कमी. भाज्या-फळांच्या चोथ्यानं पोट साफ राहतं आणि बीपी आवरायलाही मदत होते. तीन महिने जमिनीवरच राहायचं. तरी उतरलं नाही, तर कायमचं टेलिफोनच्या टेबलावर."

शिडीमामा आणि टेलिफोन! मांजराला पोहायला लावण्यासारखंच ते. दुसऱ्या दिवसापासून अंगणात सराव चालला, की बाकीचे वर चढायचे आणि हा खाली शिडीचा पाय धरून उभा राहायचा. वर बघायचाच नाही. गोळी मात्र वेळेवर घ्यायचा. भाजी? नाव काढायचं नाही.

तेव्हा ताईनं मला खिळ्यावरून काढलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि म्हणाली, "आता तूच काय ते कर गं बाई."

मित्रांनो, तिथून माझी अब्रू गेली. गाजर, कोबी, दुधी, सगळं इतकं बारीक किसायचं की डोळ्याला दिसू नये. मग ते कटलेटमध्ये लपवायचं, ऑम्लेटमध्ये लपवायचं, रश्श्यात लपवायचं. तळणं बंद, तव्यावर भाजणं सुरू. एकदा बीट घातलं आणि कटलेट लालभडक झालं. "मसाला नवा आहे," ताई म्हणाली. मामानं तीन खाल्ली! आणि मी? उजळ माथ्यानं काम करणारी मी, मला चोर करून टाकलं होतं.

सहा आठवडे गेले. पाऊण तासाचा संडास पाच मिनिटांवर आला. ठाण्यातला रुग्णवाहिकेवाला दर आठवड्याला मामाला पट्टा बांधायचा, तो म्हणाला, "मामा, एकशे शेहेचाळीस!"

मामानं टेबलावर मूठ आपटली. "बघितलंत? ना गाजर, ना गवत! गोळी आणि ताईचं कटलेट, बास!"

झालं. ड्रायव्हरनं काकडी कडेला सारली. पाण्याचा पाइप धरणाऱ्यानं सफरचंद परत टोपलीत ठेवलं. "मामांसारखं खायचं आपण." टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कटलेटचा जयजयकार सुरू! अरे, गाजर मी किसलं, कोबी मी किसला, दुधीला अंग घासघासून माझे दात बोथट झाले, आणि कौतुक कटलेटचं? वर माझ्याच चोरीपायी चांगली खाणारी माणसंसुद्धा बिघडायला लागली.

मी ठरवलं, नाही करणार. चोरी तर मुळीच नाही करणार.

दुसऱ्या दिवशी ताई गाजर घासायला लागली, तशी माझ्या वाकड्या ओळीनं "आ" वासला. बोटाएवढा तुकडा सुटून खाली पडला. ताईच्या लक्षात आलं नाही. तो तुकडा गेला कटलेटात आणि ते कटलेट गेलं बरोब्बर मामाच्या ताटात.

"ताई, हे काय?"

"गाजर."

"कधीपासून?"

"सहा आठवडे."

"मला फसवलंस?"

"पोट साफ होतंय, बीपी उतरलंय, आणि फसवलंस म्हणतोस?"

"पंचेचाळीस वर्षांचा आहे मी! तान्हं बाळ नाही, घासात लपवून भरवायला!"

आणि खरं सांगू? त्याचं बरोबर होतं. मी ओरडून सांगणार होते, पण त्यानं मलाच उचललं आणि खिडकीतून भिरकावलं. मी अशी उडाले, की कबुतरांनी वाट सोडली! पडले ती बूट धुवायच्या बादलीत.

मामानं ताईच्या हातचं जेवण सोडलं. समोरच्या भजीच्या गाडीवर जायचा आणि तळलेलं, खारवलेलं पोटभर खाऊन यायचा. दोन आठवडे! संडासापुढं पुन्हा रांग लागली. रुग्णवाहिकेवाल्यानं पट्टा सोडला, आकडा लिहिला. कागद पुढं केला. एकशे अठ्ठावन्न.

बादलीतून मला अंगण दिसत होतं. मामा तो कागद धरून शिडीखाली उभा राहिला. आणि त्या दिवशी त्यानं वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग आला बादलीपाशी. मला उचललं, धुतलं आणि घेऊन गेला ताईसमोर.

"ताई, गाजर आहे?"

"आहे. किसून देऊ?"

"नको. अख्खं दे. काय खातोय ते मला दिसू दे."

"चुकलंच माझं. सांगून द्यायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी खाल्लं नसतं."

"माहितीये. म्हणून तर!"

दोघं एकदम हसली. मामानं डोळे मिटले, जणू विष पितोय, आणि चावा घेतला. कटकन! त्या आवाजानं तीन गल्ल्यांतले कुत्रे उठून उभे राहिले. तो चावत राहिला, चावत राहिला, आणि म्हणाला, "गोड असतं की गं हे!"

पुढं जादूबिदू काही झाली नाही. गोळी चालूच होती. अर्धं ताट भाज्यांचं झालं, चहाबरोबर बिस्किटाऐवजी संत्रं आलं. पालक बघून मामा रोज तोंड वाकडं करायचा, पण संपवायचा. तीन महिने भरले, तसा डॉक्टरीणबाईंनी परत पट्टा बांधला. एकशे चौतीस. त्या मानेनंच हो म्हणाल्या. मामा टाळ्यांसाठी थांबलाच नाही. अंगणात गेला आणि खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन सरसर टोकापर्यंत चढला. ताई खाली उभी राहून ओरडत होती, "हळू रे, हळू!" आणि डोळे पुसत होती.

आता ठाण्यात गाजर अख्खं खातात, काकडी अख्खी, सफरचंद सालीसकट. मला काम उरलं नाही. गंज चढतोय. चढू दे! मला त्याचं सुतक नाही.

फक्त एक ऐका, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी माझ्या एखाद्या बहिणीला हाताशी धरून तुमच्या ताटात चोरून भाजी घालत असेल, तर त्या माणसावर ही चोरी करायची वेळ आणू नका. सरळ म्हणा, दिसू दे, मी खातो. तिला घासूनपुसून खिळ्यावर ठेवा, एवढंच पुरे. चावायचं काम आमच्यावर ढकलू नका. दात तुम्हालाही आहेत. वापरा!