मधाचा पाव आणि पांढरं कपाट

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. पण एका फेब्रुवारीत आमच्या गावातल्या त्रेसष्ट माणसांचा मधुमेह बादलीभर पाण्याने धुऊन निघाला. मी डोळ्यांनी पाहिलं. थंडी अशी होती की माझ्या मधमाश्या लोकरीचे मोजे घालून उडत होत्या. बरं, मोजे सोडा. बाकी सगळं खरं.

सकाळी सातला दवाखान्याबाहेर रांग लागायची. आत नवं यंत्र आलं होतं, पांढऱ्या कपाटाएवढं. त्सोन्का, तिथली रक्त तपासणारी बाई, बोटाला टोचून इवल्याशा नळीत रक्ताचे थेंब धरायची आणि नळी कपाटाच्या तोंडाशी ठेवायची. पुढचं सगळं ते स्वतःच करायचं: नळी हलवायचं, झाकण काढायचं, रक्त शोषून कागदावर आकडा छापायचं. माणसाचा हात लागत नसे.

आमच्याकडे निरोगी माणसाची साखर पाच-सहा लिहितात. मधमाश्यांचा राखणदार संत हारालांपी, त्याच्या सणाच्या आठवड्यात यंत्र वीस, चोवीस, तीस छापत सुटलं. द्रागोल चांभाराचा पाय साखरेनेच गेलेला, हे सगळ्यांना ठाऊक. माणसं घरी जाऊन दार लावून घेत आणि आपल्या पायांची बोटं मोजत. बायका मुलांना जवळ घेऊन बसत.

तेवढ्यात देवाने धाडल्यासारखा हरितोन हजर झाला. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट, हातात डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्याची बादली. त्या सणाला आरोग्यासाठी मधाचा पाव वाटतात आणि तो कुणी नाकारत नाही. हरितोन रांगेत परात फिरवायला लावून एकेकाला पाव देववायचा. तपासणी उपाशीपोटी, म्हणून खायचा नाही. नंबर येईपर्यंत मुठीत धरून आरोग्य मागायचं. यंत्र तीस छापायचं. मग तो बादलीत हात तीनदा बुडवायला लावायचा आणि माणसाला परत आत पाठवायचा. आता यंत्र छापायचं पाच.

"मी सांगतो म्हणून मानू नका," तो म्हणायचा. "त्या कपाटाला ना देव, ना बायको, ना मेहुणा. ते कुणासाठी खोटं बोलेल?"

त्सोन्काने शंका काढली, तर म्हणाला, यंत्राने बाईंचं काम काढून घेतलंय, पोटात दुखणारच. रांग हसली. तिने पुढचं बोट धरलं.

माझी नात नेव्याना, ही आत्ता इथे शेंगा सोलत बसली आहे ना, तीच, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मात्र खरा मधुमेह. दिवसातून चार सुया. तिच्या बोटाचा आकडा पावानंतर एकतीस आला, पाण्यानंतर पंधरा. हरितोन म्हणाला, अर्धा रोग गेला. आता सुई टोचलीत तर पाणी रुसेल. घरात कुणीतरी ठरवलं की सुया बंद.

तिसऱ्या दिवशी ती भराभरा, खोल श्वास घ्यायला लागली. तोंडाला कुजक्या सफरचंदासारखा वास. हाका मारल्या तर डोळे उघडत होती, पण बघत कुठे होती कोण जाणे. तिला उचलून दवाखान्यात नेताना मी दोनदा बर्फात घसरून बसलो. वाटेतही तिच्या मुठीत तो पाव होता. सोडवेना कुणाला, अपशकुन होईल म्हणून.

त्सोन्काने बोटाचं रक्त घेतलं, डॉक्टरांनी दंडाचं. बोट म्हणालं अडतीस, दंड म्हणाला सत्तावीस. डॉक्टरांनी थांबून विचार केला नाही. सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं आणि तिला घेऊन गाडीतून जिल्ह्याच्या गावी गेले. त्सोन्का ते दोन कागद हातात धरून उभी राहिली.

"एका पोरीत दोन रक्तं कशी?" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिची नजर भिंतीवर गेली. तिथे पूर्वी हात धुवायचं बेसिन होतं. कपाटाला जागा हवी म्हणून काढलेलं. तेव्हापासून बोट नुसतं स्पिरिटच्या बोळ्याने पुसत.

तिने रांगेला आत बोलावलं. घरून आणलेल्या पाण्याने आणि साबणाने हात धुतले, स्वतःचं बोट टोचलं: पाच. मग मधाचा पाव पाच मिनिटं मुठीत धरला, बोट स्पिरिटने पुसलं, टोचलं. कपाट गुरगुरलं आणि छापलं: सव्वीस.

"घ्या, मला मधुमेह झाला," ती म्हणाली. संडासाच्या नळाखाली हात धुऊन आली, पुन्हा टोचलं. पाच. "आणि आमच्या संडासाच्या पाण्याने बरा झाला. हरितोनदादा, तुमच्या बादलीचं आता काय करायचं?"

उत्तर द्यायला तो तिथे नव्हताच. बादली मात्र दारात होती.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. थेंबात मिसळलेला मध त्याने इमानाने मोजला. थेंबात काय गेलं, ते बघायला मात्र माणूसच लागतो. आकड्याला भिण्याआधी हात धुवा, शंका आली तर दुसऱ्यांदा तपासा, आणि सुई बंद कर म्हणणाऱ्याचं ऐकण्याआधी डॉक्टरांना विचारा. एवढंच मागणं आहे.

मला तर पहिल्या दिवसापासून संशय होता. मी रांगेपासून लांब, कपाळाला आठ्या घालून उभा...

"आजोबा," नेव्याना शेंगांवरून मान वर न करता म्हणाली, "परात तुमच्या हातात होती. माझ्या मुठीत पाव तुम्हीच ठेवलात."