माझ्या नावावर लागलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुना वृक्ष आहे. जुना आणि, लपवायचं कशाला, मेलेलाही. गोड्या पाण्याचा ओढा जिथे समुद्राला मिळतो, तिथल्या दलदलीत मी अजून उभा आहे.

पुरात वाहत आलेलं माझं बी इथल्या चिखलात रुतलं आणि मी वाढलो. एके काळी माझा थाट होता. बगळे माझ्यावर घरटी करत, होडीवाले दुपारी माझ्या सावलीत टेकत, आणि या झाडामुळे काठ टिकलाय, असं कौतुकही करत. मग समुद्र वर्षागणिक आत सरकू लागला. खारं पाणी मुळांशी आलं ते परत गेलंच नाही. आधी शेंडा वाळला, मग पानं गेली, पानांमागून बगळे गेले. सावलीच उरली नाही, तर होडीवाल्यांनी तरी का थांबावं? माझे शेजारीही असेच उभ्या उभ्या वाळले. आम्ही एकमेकांना दिसतो; पण सळसळायला कोणाकडे पान नाही.

अशात एक मोजणारी बाई आली. झाडं किती वायू सोडतात, ते तिला मोजायचं होतं. मेल्यावर आमचं लाकूड कुजतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. चिखलातला मिथेनही खोडावाटे हळूच बाहेर पडतो. हे वायू हवेत साठले की पृथ्वी तापते. ती माझ्या खोडावर एक पारदर्शक डबा पट्ट्याने आवळायची, फटी बुजवायची, झाकण लावायची आणि थोड्या वेळाने आतली हवा सुईने ओढून बाटलीत भरायची.

हिरव्या झाडांपाशी तिचे सोबती असत. आम्हा वाळक्यांकडे मात्र गुडघाभर चिखल तुडवत ती एकटीच यायची. घरीही एकटीच असावी. नळ गळतोय, भाऊ फोन उचलत नाही, सगळं मला सांगायची, शेजाऱ्यांकडे गेली की त्यांनाही. "तुझं बरं आहे बाबा," ती एकदा म्हणाली, "मध्येच 'आधी माझं ऐक' म्हणत नाहीस." बोलता बोलता ती तोंड खोडाजवळ आणायची आणि बोलता बोलताच झाकण लावायची.

वर्षअखेर आकडे आले. आम्ही वाळके म्हणे हिरव्यांच्या दुप्पट वायू सोडतो. तिच्या साहेबांनी ठरवलं, मेलेली झाडं तोडून टाकायची. माझ्या खोडावर लाल फुली पडली.

तिला आणणारा म्हातारा होडीवाला वर्षभर होडीतूनच सगळं बघत होता. त्या दिवशी तो म्हणाला, "ताई, तुम्ही याच्याशी गप्पा मारत झाकण लावता. मग डब्यात श्वास याचा की तुमचा?"

वर्षाची मेहनत पाण्यात गेली होती, आणि ती गप्प बसली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण तिने साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चारचौघांत तिला झापलं आणि तीन महिने नव्याने मोजायला लावलं.

त्या तीन महिन्यांत ती यायची, मान फिरवून झाकण लावायची, मागे सरून उभी राहायची. एक शब्द नाही. मित्रांनो, वाळायला मला नऊ वर्षं लागली, पण हे तीन महिने त्याहून लांब गेले.

आकडे उतरले. आम्ही वायू सोडतो हे खोटं नाही, पण तोडून टाकावं इतका नाही. फुली पुसली गेली. आता माझ्या खोडावर यंत्र आहे. झाकण आपोआप उघडतं, आपोआप मिटतं, माणूस लागत नाही. शेवटच्या दिवशी सामान आवरल्यावर ती बोलली असती तरी चाललं असतं. बहुतेक तिची सवयच मोडली होती. तिने खोडावर हात ठेवला, आणि गेली.

म्हणून सांगतो, वाळलेलं झाड दिसलं की लगेच कुऱ्हाड शोधू नका. आमची मुळं अजून हा काठ धरून आहेत. आणि कधी इकडे आलात, तर यंत्रापासून चार पावलं लांब थांबा आणि खुशाल बोला. विषय कुठलाही चालेल. मला वेळच वेळ आहे.