तांबेऱ्याची परीक्षा

सासऱ्यांची रोपवाटिका घराला इतकी चिकटलेली आहे, की आमचं बाळ रांगत उंबरठा ओलांडतं ते थेट डेलिलीच्या फुलझाडांच्या वाफ्यात. आणि त्याचं सगळं शिक्षण तोंडावाटे चाललेलं: माती, कुंडीची कड, पान, हाताला लागेल ते. त्यामुळे सासऱ्यांनी फवारणीचा पंप पाठीवर घेतला, की मी बाळाला उचलून घरात पळायचे.

"बाबा, औषध न मारता नाही का जमणार?"

"जमेल की. तांबेरा पानं खाईल, आपण हवा खाऊ."

तांबेरा म्हणजे पानाच्या पाठीवर उठणारी नारिंगी बुरशी. बोट फिरवलं की विटेच्या भुकटीसारखी पूड हाताला लागते. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, पण पदवी आजवर भिंतीवरच टांगलेली होती. ती खाली उतरवून मी समजावलं: काही रोपं मुळातच चिवट असतात, तांबेरा त्यांना शिवत नाही. रोगट रोपं मुद्दाम मध्ये लावायची, औषधाचा थेंब मारायचा नाही, आणि जी टिकतील तीच वाढवायची.

"फुलं येईपर्यंत थांबतो," सासरे म्हणाले. "तांबेरा दिसला, तर पंप निघणार."

शिंक आली म्हणून आत्याबाईंना दारातूनच परत पाठवणारी मी, रोगट पानं निरोगी रोपांवर झटकत हिंडले. नवरा म्हणाला, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

तांबेरा आलाय का, हे पान पांढऱ्या कपड्यानं पुसून कळतं. कपड्यावर नारिंगी डाग उमटतो. बाकीचे लोक आठवड्यातून एखादं पान पुसतात. माझ्या जिवाला तेवढ्यानं स्वस्थता कुठली? बाळाचे ओले वाइप्स हाताशी होतेच. सकाळ-संध्याकाळ एकेक पान, पाठ, पोट, टोक, सगळं पुसून बघायचे.

वाफा आरशासारखा. सासरे गिऱ्हाइकांना सांगू लागले, "सून शिकलेली आहे आमची." मीही जरा ताठ चालू लागले.

मग बाळ उभं राहिलं आणि पळायलाच लागलं. त्याच्यामागे धावताना रोपांकडे बघायला सवड होईना. बघता बघता वाफा नारिंगी झाला.

पिशव्यांत माती भरत बसलेल्या सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "परीक्षा घेत होतीस का आंघोळ घालत होतीस?"

"मी फक्त बघत होते, आई."

"पुसत होतीस, बसलेली पूडसुद्धा. बाईंनीच पेपर लिहिल्यावर पोरं नापास कशी होतील?"

सासऱ्यांनी पंप काढला. मी बाळाला कडेवर घेऊन वाफ्याच्या तोंडाशी उभी राहिले.

"बाबा, परीक्षा खरं तर आत्ता झाली. निकाल तरी बघा."

निकाल लागलाच होता. नारिंगी पसाऱ्यात मोजकी रोपं हिरवीगार, काही घडलंच नसल्यासारखी. सासऱ्यांनी त्यांच्या पानांवर बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ. त्यांचा चेहरा मात्र पडला.

"हीच टिकायची होती? फुलाचा रंग बघ. गॅसवर विसरलेल्या चहासारखा. कोण घेईल?"

"रंग बघून निवडायचं असतं," सासूबाई म्हणाल्या, "तर मी तुम्हाला होकार दिला नसता."

सासऱ्यांनी पंप खाली ठेवला. मग कुदळ घेऊन त्यांनी स्वतःची लाडकी जांभळी, पीचच्या रंगाची, झालरवाली, सगळी रोगट रोपं उपटली आणि पोत्यात बांधली. मी मदतीला वाकले, तर म्हणाले, "राहू दे, तू पोराकडे बघ." त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

पुढच्या हंगामात चहाच्या रंगाची रोपं विक्रीला लागली. एका बाईंनी पान उलटून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"इतकं स्वच्छ? काय फवारता हो?"

"काही नाही," सासरे म्हणाले. "फक्त सुनेला लांब ठेवतो."