खिशातली पानं

मास्तरांनी गाडीच्या मागच्या सीटवर आडव्या ठेवलेल्या झाडाखाली हात घातला आणि चाचपडत पडलेली पानं गोळा केली. एक, दोन, तीन. चौथं सीट आणि दाराच्या फटीत जाऊन बसलं होतं, ते काही चिमटीत येईना. सगळी पानं हिरवीगार होती. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. टिपवही राहिली म्हणून नात पुन्हा वर पळाली होती. कुठल्याही क्षणी खाली आली असती. त्यांनी पानं कोटाच्या खिशात कोंबली. आत काहीतरी कुरकुरलं.

"अण्णा, काय शोधताय?"

मुलगा कधी खाली आला ते त्यांना कळलंच नव्हतं. 

"किल्ली."

"हातातच आहे की तुमच्या."

मास्तरांनी हाताकडे पाहिलं. मुलगा हसला, मग घड्याळात बघत म्हणाला, "काल शाळेच्या बसवाल्याशी बोललो मी. शुक्रवारी शाळा सुटली की तो तिला परस्पर तिच्या आईकडे सोडायला तयार आहे. पुढच्या शुक्रवारी तिथून इकडे. दर शनिवारी तुमची या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफट कशाला उगाच?"

"फरफट कसली त्यात. आणि झाड?"

"हां, झाड." मुलाने काचेतून आत डोकावून पाहिलं. "ते बसमध्ये घेणार नाहीत. तेवढाच प्रश्न आहे."

"तेवढाच," मास्तर म्हणाले आणि किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात नात आलीच. पाठीला दप्तर, काखेत टिपवही, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात चपलांची पिशवी. रिकाम्या हाताने ती कुठे जातच नसे, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. नऊ वर्षांची होती. ती पुढे बसली, पट्टा लावला आणि मागे वळून झाडाला म्हणाली, "लंबू, नीट झोपून राहा."

लंबू म्हणजे फायकस, घरात ठेवायचं शोभेचं झाड. मुंगीपेक्षा हातभर उंच, बारीक खोडाचं, खाली झुकलेल्या फांद्यांचं. तिचे आईबाबा वेगळे राहायला लागले तेव्हा भांडीकुंडी, पुस्तकं, गाद्या सगळ्याची वाटणी झाली. झाडापाशी येऊन मात्र दोघं अडले. तूच ठेव. नको, तूच ठेव. तेव्हा मुंगी म्हणाली होती, "ते माझ्याबरोबर येईल." एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. कोणी काही बोलायच्या आत मास्तरांनी सांगून टाकलं, माझी गाडी आहे आणि शनिवारी मला काही काम नसतं. काम त्यांना इतर वारीही नसे.

त्याला आता अकरा शनिवार झाले होते. लंबू निम्मा झाला होता.

"आज पाण्याच्या रकान्यात काय लिहू?" मुंगीने टिपवही मांडीवर उघडली.

"बोट घालून पाहिलंस?"

"दुसऱ्या पेरापर्यंत. वर कोरडं, आत ओलसर."

"मग पाणी नको. तसंच लिही."

मास्तरांनी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. पहिल्यांदा पानं गळाली तेव्हा मुंगी रडवेली झाली होती. त्यांनी तिला समजावलं होतं, रडून झाड सुधारत नाही, बघून सुधारतं. टिपवही आखून दिली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. मग दोन आठवडे पाणी कमी केलं. पुढचे दोन आठवडे दोन्ही घरी कुंडी एसीच्या झोतातून बाजूला सरकवली. नंतर ऊन. नंतर ओल्या फडक्याने प्रत्येक पान पुसलं, भिंगातून पानांच्या पाठी तपासल्या. एकही कीड सापडली नाही. नियम खरा होता. तो वर्गात सांगताना त्यांना नेहमी बरं वाटायचं. हल्ली गाडी चालवताना तो आठवला की ते उगाच आरसा सरळ करत.

"आजोबा, आज वाटेतल्या त्या रोपवाल्या काकूंकडे थांबायचं."

"आज उशीर होईल. आई वाट बघेल."

"आईला सांगितलंय मी. ती म्हणाली, जा." मुंगीने पेन्सिलीचं टोक खिडकीकडे केलं. "ते बघा, आलंच."

रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीचं छप्पर दिसत होतं. मास्तरांनी वेग कमी केला, पुन्हा थोडा वाढवला, मग दिवा लावून गाडी कडेला घेतली.

रोपवाली धिप्पाड होती. कोपरापर्यंत माती लागलेल्या हातांनी तिने कुंडी एकटीनेच बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून झाडाकडे पाहत राहिली.

"काय गं, काय केलंस याचं?"

"काहीच नाही," मुंगी म्हणाली. "म्हणजे, खूप काय काय केलं." आणि तिने टिपवही पुढे केली.

रोपवालीने पानं उलटली. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. "अगं, एवढं तर माणसांच्या डॉक्टरांनीही कधी माझं लिहिलं नाही." तिने टिपवही परत दिली, अंगठ्याच्या नखाने खोडाची साल जराशी खरवडली आणि मुंगीला जवळ ओढलं. "काय दिसतंय?"

"हिरवं."

"म्हणजे जीव आहे. घाबरायचं नाही. पिवळी होऊन गळतात की हिरवीच?"

"पहिल्यांदा थोडी पिवळी होती. आता सगळी हिरवीच."

"हं." ती मास्तरांकडे वळली. "आजोबा, याची जागा बदलली का हल्ली?"

मास्तरांनी कोटाचं बटण लावलं. "बदलली असेल जराशी. घरातल्या घरात."

मुंगीने वर पाहिलं.

"तेच ते," रोपवाली म्हणाली. "याच्यासारखं हट्टी झाड नाही. एका खिडकीची सवय झाली की तिथल्या उजेडाच्या बेताने ते पानं काढतं. तुम्ही दुसरीकडे नेलं की तिथला उजेड वेगळा, हवा वेगळी. मग जुनी पानं टाकून देतं आणि नव्याने तयारीला लागतं. ती तयारी व्हायच्या आत पुन्हा हलवलंत, की पुन्हा टाकतं. किती वेळा टाकेल बिचारं? चांगल्या उजेडाची एक जागा बघा आणि तिथेच राहू द्या. दोन महिने, तीन महिने. पानं गळाली तरी घाबरून हलवायचं नाही, घाबरून पाणी ओतायचं नाही. आपल्याला दम धरवत नाही, तिथेच सगळं बिघडतं."

दुसरं गिऱ्हाईक आलं तशी ती तिकडे गेली. मुंगी झाडाच्या मागच्या बाजूला गेली. तिथे एका फांदीला तिने लाल दोरा बांधला होता. ओठ हलवत तिने मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग गाडीपाशी जाऊन मागचं दार उघडलं, सीटवर, सीटखाली पाहिलं आणि एक पान घेऊन परत आली.

"आजोबा, या दोऱ्याच्या फांदीला सकाळी सव्वीस होती. वर, बाबांकडे. मी लिहिलंय. आता बावीस आहेत."

"आणताना गळाली असतील."

"मग गाडीत चार हवीत. एकच आहे, फटीत अडकलेलं. दुसऱ्या फांद्यांचीही नाहीत." तिने ते पान टेबलावर ठेवलं. "तीन कुठे गेली?"

वजाबाकी तिला त्यांनीच शिकवली होती, या गाडीत, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या नंबरांवरून. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. रोपवाली लांब होती. त्यांनी खिशात हात घातला आणि मूठ टेबलावर उघडली.

तीन हिरवी पानं होती. त्यांच्याबरोबर मागच्या शनिवारची होती, कडा तपकिरी झालेली. त्याच्या आधीची होती, वाळून वळलेली. आणि मुठीच्या तळाशी नुसता चुरा होता.

मुंगीने वाळलेलं एक पान बोटाने उलटून पाहिलं. मग ती बाटलीतलं पाणी प्यायली, तिने झाकण घट्ट लावलं आणि रोपवालीने झाड परत सीटवर आडवं ठेवल्यावर ती गाडीत जाऊन बसली. या वेळी मागे, झाडाच्या शेंड्याजवळ, अंग चोरून.

गाडी सुरू करूनही मास्तरांनी ती हलवली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मागून आवाज आला.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या शनिवारपासून. अशी झाडं हलवली की पानं टाकतात, हे मी मुलांना शिकवायचो."

"मग मला का नाही सांगितलं? मी उगाच सगळी पानं पुसली."

मास्तरांनी आरशात पाहिलं. आरशात नुसत्या फांद्या दिसत होत्या. वर्गात कधी उत्तर आलं नाही तर ते सरळ सांगत, मला येत नाही, उद्या बघून सांगतो. हे उत्तर त्यांना येत होतं.

"झाड हलवायचं थांबलं असतं, तर तुला शाळेची बस चालली असती," ते म्हणाले. "मग गाडी लागली नसती."

एक ट्रक गेला. मागून टिपवहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"बाबांकडे ठेवलं तर आई म्हणेल, हो का, बरं. ती 'बरं' म्हणते तेव्हा बरं नसतं. आणि आईकडे ठेवलं तर बाबा काहीच बोलणार नाहीत." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमच्याकडे कुठली खिडकी आहे?"

"पूर्वेची. समोर काही बांधकाम नाही."

"एसी?"

"पंखासुद्धा लहर आली तर फिरतो."

ती हसली नाही. "चला," म्हणाली.

मास्तर वेगळे, एकटेच राहत; त्यांच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्ची होती. ती मुंगीने ढकलत भिंतीकडे नेली. कुंडी तिथे ठेवली. मग कपाट उघडून खडूचा डबा काढला. तो तिथे असतो हे तिला ठाऊक होतं. वाकून तिने कुंडीच्या तीन बाजूंना जमिनीवर तीन खुणा केल्या आणि कुंडीवरही, त्यांच्यासमोर, तीन.

"हलवलंत तर मला कळेल. नुसतं फिरवलंत तरी कळेल."

"नाही हलवणार."

नंतर तिने सगळं झाड मोजलं. अर्धा तास लागला. मास्तर फांद्या एकेक करून बाजूला धरत होते. एकशे अठरा. तिने आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि म्हणाली, "आता आईकडे सोडा." वाटेत ती नंबरांची वजाबाकी खेळली नाही.

पुढच्या शुक्रवारी ती शाळेच्या बसने वडिलांकडे गेली. मुलाने फोन करून सांगितलं, "पोचली अण्णा, अगदी वेळेवर. तुमची सुटका झाली बघा."

"छान झालं," मास्तर म्हणाले.

त्याआधी आठवडाभर पानं गळत होती. सकाळी ते उठत तेव्हा जमिनीवर दोनतीन पडलेली असत, हिरवी, पालथी. दुपारी एखादं डोळ्यांदेखत पडे. झाडू दाराआड उभा होता. मंगळवारी त्यांनी तो हातात घेतला, खिडकीपर्यंत आले, आणि परत नेऊन ठेवला. खिडकीशी जाताना ते पावलं जपून टाकू लागले, एखादं पायाखाली चुरडू नये म्हणून. बुधवारी माती कोरडी वाटली. त्यांनी बोट घातलं, दुसऱ्या पेराशी ओल होती, तांब्या जागच्या जागी ठेवला. आरामखुर्ची भिंतीशी होती. तिथून रस्ता दिसत नसे, तरी ते तिच्यात बसून मान उंच करून बघत.

शनिवारी सकाळी त्यांनी कोट घातला. मग कुठे जायचं नाही हे आठवून काढला, आणि पुन्हा घातला. किल्ली खिशात होती. साडेनऊ झाले. दहा झाले. सव्वादहाला घंटी वाजली.

दारात सूनबाई होती आणि तिच्यापुढे मुंगी, काखेत टिपवही घेऊन.

"हिला बाबांकडून मी घेऊन आले," सूनबाई म्हणाली. वेगळी झाल्यापासून ती इथे पहिल्यांदाच आली होती; उंबऱ्यातच थांबली होती. "काल रात्री दोघांनाही फोन केले हिने. झाड मोजायचंय म्हणते. ऐकेना, अण्णा."

"ये ना आत. बस."

मुंगी आधीच गुडघ्यांवर बसली होती. आधी तिने खडूच्या खुणा पाहिल्या. कुंडीवरच्या आणि जमिनीवरच्या खुणा समोरासमोर होत्या. मग जमिनीवरची पानं एकेक करून उचलली, रांगेत मांडली. सूनबाई आरामखुर्चीच्या कडेला टेकली. मास्तर उभेच राहिले, दोन्ही हात कोटाच्या खिशांबाहेर.

"एकोणीस," मुंगी म्हणाली.

"अजून गळतील," मास्तर म्हणाले.

"माहितेय."

ती झाडाकडे वळली. या वेळी फांद्या तिने आपणच बाजूला केल्या, ओठ हलवत. मधेच आकडा चुकला. तिने कपाळावर हात मारला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सूनबाईने घड्याळ पाहिलं. खिडकीतलं ऊन कुंडीवरून सरकून जमिनीवरच्या रांगेपर्यंत आलं.

"नव्याण्णव."

तिने टिपवहीत एकाखाली एक दोन आकडे लिहिले. बेरीज केली. मागचं पान उलटून पाहिलं, पुन्हा पुढे आली.

"जुळलं," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. मुंगीने ती एकोणीस पानं कुंडीतल्या मातीवर पसरली. मग पट्टी घेऊन खाली एक नवी रेघ आखली आणि तिच्या कडेला पुढच्या शनिवारची तारीख घातली. त्याच्या पुढच्या शनिवारचीही.

"आजोबा," ती वर न बघता म्हणाली, "ती खुर्ची एवढी लांब कशाला ठेवलीय? झाड हलवायचं नाही म्हणाले होते मी. खुर्ची नाही."