किडनीच्या बदल्यात सेटिंग

जुईनगरच्या कुंदनशेठला बायको, सुचिता, किडनी देणार होती. कुंदनला घोर एकच. आपल्यासाठी हिचं पोट कापणार, त्याची भरपाई कशाने करायची? सोन्याच्या बांगड्या सुचिताने आधीच नाकारल्या होत्या. तिला जरा कमी दुखावं, एवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं त्याने ठरवलं.

वाशीच्या त्या हॉस्पिटलात तेव्हा एक संशोधन चालू होतं. किडनी देणाऱ्या निम्म्या लोकांना ऑपरेशननंतर दुखण्यावरची नेहमीची औषधं, निम्म्यांना त्यांच्या जोडीला पाठीत एक नवं इंजेक्शन. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. भूल देणाऱ्या डॉक्टर वैदेहींनी दोघांना हे समजावून सांगितलं.

"चालंल. निंगल ते निंगल," सुचिता म्हणाली आणि बाहेर गेली.

कुंदन मागे रेंगाळला.

"म्हंजे मॅडम, सोडत हाय?"

"तसंच समजा."

"मंग आपल्याला नवीन लावा ना. कोनाला सांगायला लागंल?"

"कोणालाच नाही. नवीन चांगलं आहे की नाही, हे आम्हालाच माहीत नाही. म्हणून तर संशोधन."

कुंदन समजूतदारपणे हसला. नवी मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला सोडत आपोआप निघते हे पटवणं कठीण. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना नगरसेवकाचा फोन आला, मग ट्रस्टींचा, मग ट्रस्टींच्या मेव्हण्याचा. मेव्हण्यांचा संशोधनाला तत्त्वतः पाठिंबा होता.

डॉक्टरांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकलं आणि नियमाप्रमाणे सुचिताला संशोधनातून वगळलं. वशिल्याची केस मोजता येत नाही. आणि संशोधनाबाहेर मिळतात ती नेहमीचीच औषधं. कॉम्प्युटरने तिला निम्मी तरी संधी ठेवली होती. नवऱ्याने तीही घालवली.

दोन्ही ऑपरेशनं नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी या खोलीतून त्या खोलीत व्हिडिओ कॉल झाला.

"दुकतं?"

"दुकतं. हसली का जास्त."

"चुकी झाली माजी. आता काय करू, तू सांग."

"मोबाईल खाली करा. पिशवी दाखवा."

त्याने मोबाईल खाटेखाली वळवला. लघवीची पिशवी निम्मी भरली होती. सुचिता बराच वेळ बघत राहिली.

"किडनी चालते बरी. पानी प्या आनि तिला चालवा. तुमाला येवढाच काम हाय."

कुंदनने आठवून पाहिलं. या कामासाठी त्याच्याकडे कोणाचाच नंबर नव्हता. त्याने पाण्याचा पेला उचलला.